ताडपत्रीखालची होडी

१

तुम्ही आमच्या बंदरावर भलत्याच प्रेताला अग्नी दिलात आणि मृत्यूची नोंद केलीत एका जिवंत होडीची. तुमचं नाव मला ठाऊक आहे. इथं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही वकील पाठवाल, लोक वकिलाबद्दल बोलत बसतील आणि होडी राहील बाजूला. तुम्ही वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेलच.

समुद्रातले मासे संपत चालले म्हणून होड्या कमी करायच्या असं अथेन्सच्या मासेमारी खात्यात बसून तुम्ही ठरवलंत. ठीक. ज्याला धंदा सोडायचा त्यानं परवाना द्यायचा, सरकारनं भरपाई द्यायची. इथवर आमचं कुणाचं भांडण नव्हतं. पण पुढची अट कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? होडीसुद्धा फोडायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, अंगणात ठेवून तिच्यात कोंबड्या पाळायच्या नाहीत. धक्क्यावर पोकलेन आणून तिचा चुरा करायचा.

पहिली होडी फोडली तेव्हा अख्खं बेट रडलं. आमच्याकडे आजोबा होडी बांधून घेतो आणि नातू चालवतो. बायकांनी हंबरडा फोडला, कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं, टीव्हीवर आलं, आणि तुम्हाला लाज वाटली. फोडल्याची वाटली नाही, दिसल्याची वाटली. लगेच वरून हुकूम सुटला: यापुढे होडी ताडपत्रीनं झाकून फोडावी, मालकासकट सगळ्यांनी दोरीबाहेर उभं राहावं.

त्या ताडपत्रीखाली सप्टेंबरात बार्बा मिकेसची, म्हणजे आमच्या मिकेसकाकाची, 'आनेमूसा' ही होडी फोडली. समितीनं ताडपत्रीतून डोकावणाऱ्या नंबराच्या फळीचे फोटो काढले आणि समिती जेवायला गेली. म्हातारा दोरीबाहेर उभा होता. रडला नाही. शेजारच्या पाद्रीबाबांना एवढंच म्हणाला, "ही माझी नव्हे."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात तेच. मग बाजारात, चर्चच्या पायरीवर, पिरेयस बंदरातून येणाऱ्या जहाजातून उतरणाऱ्या परक्या माणसांनाही तेच. लोकांनी आधी माना खाली घातल्या, नंतर हसायला लागले. त्याचा मुलगा फोतिस हसला नाही. त्यानं कोर्टात अर्ज टाकला: बापाचं डोकं ठिकाणावर नाही, मला पालक नेमा, मी त्याला पिरेयसला वृद्धाश्रमात ठेवतो. कोर्टाला हवा होता फक्त डॉक्टरचा दाखला. तो मिळाला की म्हातारा बेटावरून जाणार आणि परत येणार तो शवपेटीतून.

आमची डॉक्टर म्हणजे पोलिक्सेनी. डोंगरातली मुलगी, सरकारी नेमणुकीवर आलेली. होडीत पाय ठेवला की पांढरी पडते. मी बंदरावर बर्फाचा कारखाना चालवते. दवाखान्याचा फ्रीज बिघडला की ती माझ्याकडे येते, आणि तो नेहमीच बिघडलेला असतो. त्या सकाळी पिशवी भरून झाली तरी बाई हलेनात.

"स्तामाताबाई, एखादा माणूस खोटी गोष्ट खरी मानून बसला तर मी त्याला आजारी म्हणेन. पण गोष्टच खरी असली तर?"

"तर आजारी आम्ही बाकीचे," मी म्हटलं.

"म्हणजे आधी होडी तपासायला हवी. पेशंट नंतर."

"काय तपासणार? त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन पेटवून दिली तिला."

"तेच मला खटकतंय," ती म्हणाली. "मेलेल्या होडीला जाळायची एवढी घाई कुणाला होती?"

२

बार्बा मिकेस अंगणात शेंगा सोलत बसला होता. डॉक्टरनं पुस्तकातले प्रश्न काढले.

"आज वार कोणता, बार्बा मिकेस?"

"जहाजाचा वार. तुझ्या पिशवीतला पाव ताजा दिसतोय त्यावरून."

"पंतप्रधान कोण आहेत?"

"ते बदलत राहतात, पोरी. मी पाठ करायचं सोडलं."

"बरं. तुमची होडी कुठे आहे?"

"कुठे आहे ते ठाऊक नाही. कुठे नाही ते ठाऊक आहे." त्यानं शेंगेचं साल तिच्यापुढे धरलं आणि मोडलं. कट्कन आवाज झाला. "ही सुकलेली. अशी तुटते. आनेमूसा ईस्टरपासून वाळूवर पडलेली. खात्यानंच सांगितलं, पाण्याबाहेर काढा आणि समितीची वाट बघा. अख्खा उन्हाळा बघितली. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. अशा होडीवर लोखंडी पंजा पडला तर धुरळा उडायला हवा. त्या दिवशी काय झालं माहितीये? ताडपत्रीखालून पाणी वाहिलं. काळं, वास येणारं. माझ्या बुटापर्यंत आलं."

"दोरीपाशी उभं राहून तुम्ही हे कुणाला सांगितलंत का?"

"समितीच्या साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, सावलीत बसा."

तिथून आम्ही गेलो स्कार्लातोसकडे. हा मुख्य भूमीवरचा, हॉटेलांचे पाये खणायला आला आणि इथंच राहिला. पोकलेन त्याचा, ट्रक त्याचा, आणि होड्या फोडायचं कंत्राटही त्याचंच. फोडण्याआधी आठवडाभर आनेमूसा त्याच्याच आवारात, कुंपणाआड ठेवली होती. 'तयारीसाठी.'

"पाणी?" तो म्हणाला. "मारलंच होतं पाणी. टँकरनं. धूळ उडायला नको, साहेबांचे कपडे खराब होतात."

"असं का," डॉक्टर म्हणाली आणि उठली. मला वाटलं, संपलं. पाण्याचा खुलासा झाला, म्हातारा वेडा ठरला. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "तिला जाळली तेव्हा तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? आठवडाभर गावाला खोकला होता. नुसता धूर. पेटेचना मेली."

"स्तामाताबाई, आमच्या डोंगरात आम्ही लाकडावरच जगतो. सुकलेल्या लाकडावर टँकर ओतला तर ते वरून भिजतं. तासाभराच्या उन्हात पुन्हा कोरडं. आठवडाभर धुमसतं ते लाकूड आतपर्यंत कुजलेलं असतं, वर्षानुवर्षं पाण्यात बसलेलं." ती थांबली. "तुमच्या बेटावरून आणखी एखादी होडी नाहीशी झालीये का?"

"छे. होडी हरवली तर कळणार नाही का आम्हाला?"

"चालती होडी हरवली तर कळेल," ती म्हणाली. "मेलेली कोण मोजतं?"

मी रस्त्यातच थांबले. कारण मिठागरामागच्या चिखलात एका जुन्या होडीचा सांगाडा होता. कुणाचा होता ते त्याच्या मालकाबरोबरच गेलं. लहानपणापासून बघतेय त्याला, म्हणजे खरं तर बघतच नाही. बघायचं सोडून दिलेलं होतं सगळ्यांनीच.

आम्ही तशाच गेलो. चिखलात होडीच्या आकाराचा खड्डा होता, पाण्यानं भरलेला. त्यात एक बगळा उभा होता. सांगाडा नव्हता.

३

आता डॉक्टरपुढे प्रश्न उरला, आनेमूसा कुठे गेली आणि नेली कुणी. ती म्हणाली, ज्यांना होड्यांतलं कळतं त्यांच्याशी आधी बोलू.

पहिला थेमेलिस मिस्त्री. होड्या बांधणारा आमच्या बेटावरचा शेवटचा. पोरवयात बार्बा मिकेसच्या होडीवर खलाशी होता, मग करवत धरली. पहिली होडी फोडली त्या दिवशी तो समितीच्या तोंडावर म्हणाला होता, जमलं तर बाकीच्या सगळ्या चोरून नेईन. बेटावर कुणालाही विचारा चोर कोण, तो थेमेलिसचं नाव सांगेल, आणि वर म्हणेल बरं केलं.

"चोरली असती तर मी लपवली असती होय?" तो रंधा मारत म्हणाला. "चर्चसमोर उभी करून तिला रंग दिला असता."

"समजा, कुणी चोरली. महिनोन्महिने सुकलेली होडी. लगेच चालवता येईल?"

"तुम्ही कुठल्या गावच्या हो? पाण्यात टाकली की चाळणीसारखी भरेल."

"मग?"

"मग तिला पाणी पाजायचं. उथळ जागी नेऊन बुडवायची. वर धोंडे ठेवायचे, म्हणजे तरंगत नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. आठवड्यानं धोंडे काढा, पाणी उपसा, निघाली."

डॉक्टरनं हे ऐकून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी लपवलंय. लपवलं कसलं? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. तुम्हाला कुणी सांगितलं का, की भात शिजवायला पाणी लागतं?

"आणि कुठे बुडवाल, मिस्त्री?"

"झऱ्याच्या तोंडाशी. तिथं गोडं पाणी मिसळतं, लाकूडकिडा जगत नाही. उत्तरेच्या खाडीत बुडवणारा माणूस होडी किड्यांच्या ताटात वाढतोय म्हणायचं. पण हे सगळं तुम्ही मला का विचारताय?"

"दाखल्यासाठी," ती म्हणाली.

फोतिस स्वतःच दवाखान्यात आला. त्याच्या पर्यटकांसाठी खोल्या आहेत, बोलणं मधाळ. बदामाची मिठाई घेऊन आला.

"डॉक्टर, मला काय हौस आहे का? बाबा घराबाहेर पडले की लोक हसतात. त्या दिवशी जहाजावरच्या एका जर्मन बाईला सांगत होते. तिला कळत नव्हतं, ती म्हाताऱ्याला नाणी देत होती. मुलगा म्हणून माझं काय होत असेल?"

"तुमच्या मते फोडली ती आनेमूसाच?"

"नंबर होता की तिच्यावर."

"फळी पाहिलीत. होडी पाहिलीत का?"

"ताडपत्री होती," फोतिस म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मध सुकला. "सरकारी हुकूम होता. मी कोण उचलणार? डॉक्टर, शुक्रवारच्या जहाजाच्या आत दाखला मिळाला तर बरं होईल. वृद्धाश्रमातली खाट फार काळ धरून ठेवणार नाहीत."

तो गेल्यावर डॉक्टरनं मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. "शुक्रवारी काय आहे, स्तामाताबाई?"

"काही नाही. वारा पडणार असं म्हणतायत. समुद्र आरशासारखा होईल."

"कुणाला तरी आरसा हवाय तर," ती म्हणाली.

४

बंदर पोलिसांचा शिपाई, मुख्य भूमीवरचा पोरगा, माझ्याकडे बर्फाला आला आणि गप्पांत सांगून गेला की उत्तरेच्या खाडीत स्मगलरांची होडी बुडालेली सापडली. वरून धोंडे घातलेले, डोलकाठी काढलेली. त्यानं वर कळवलं होतं. बार्बा मिकेसला सावलीत बसा म्हणणारा समितीचा तोच साहेब, अध्यक्ष व्रेत्तोस, शुक्रवारी येऊन तिची विल्हेवाट लावणार होता.

डॉक्टरला मी माझ्या होडीतून नेलं. सगळ्या वाटेत ती तळाशी बसून दोन्ही हातांनी बाक धरून होती. "बोलू नका," एवढंच म्हणत होती.

खाडीत पाणी इतकं स्वच्छ की होडी तरंगतेय की बुडलीय कळत नव्हतं. बुडलेली होती. पांढऱ्या वाळूवर सरळ बसलेली, पोटात धोंडे, डोलकाठी शेजारी आडवी ठेवलेली. नाक जरा उंच. ते नाक मी हजार होड्यांत ओळखीन.

"हीच?" डॉक्टरनं डोळे उघडून विचारलं.

"हीच. आणि ही बुडवलेली नाही हो. पाणी पाजायला ठेवलीये."

"म्हणजे कुणीतरी चालवायला घेणार आहे." ती मळमळ विसरली. "ट्रकवरून सरळ जहाजात का नाही चढवली?"

"जहाजात चढायचं तर धक्क्यावरून. सगळ्यांसमोरून. आणि नंबर बदलता येतो, नाक नाही बदलता येत. ट्रकनं इथवर आणली असेल, इथं वस्ती नाही. इथून समुद्रातूनच न्यायची."

ती खाली बघत राहिली. "धोंडे कसे ठेवलेत ते मला बघायचंय."

"पोहता येतं?"

"नाही."

मग काय, ऑक्टोबरच्या पाण्यात मीच उडी मारली. खाली गेले, हात फिरवला, वर आले, पुन्हा गेले. आणि वर आले ती माझ्या होडीची कड धरूनच राहिले.

"काय आहे खाली?"

"गोणपाट," मी म्हटलं. "धोंड्याखाली गोणपाट अंथरलंय. घडी घालून. फळ्यांना खरचटू नये म्हणून."

"मग त्यात काय?"

"आमच्याकडे सगळे धोंडे नुसतेच ठेवतात. गोणपाट घालणारा बेटावर एकच माणूस. लोक चेष्टा करायचे त्याची, होडीला गादी घालतो म्हणून. बार्बा मिकेस."

डॉक्टरचा चेहरा पुन्हा पांढरा पडला. पण या वेळी लाटेमुळे नाही.

५

परतीच्या वाटेवर ती बोलत सुटली, बहुधा ओकारी दाबायला.

"भरपाई घ्यायची, होडी ठेवायची, आणि वर वेडाचं सोंग. जमतंय की. नाही, नाही जमत. चोरानं गप्प बसायचं असतं. हा माणूस गावभर ओरडत फिरतोय. आणि त्याचा खांदा मी तपासलाय, त्याला पाण्याची बादली उचलत नाही, धोंडे कुठले. म्हणजे त्यानं हे केलं नाही. त्याच्याकडून शिकलेल्या माणसानं केलं. त्याच्या होडीवर काम कुणी केलं?"

"आयुष्यात दोघांनीच. थेमेलिस मिस्त्रीनं. आणि..." मला दुसरं नाव तोंडातून काढवेना.

"मिस्त्री ती खाडी निवडणार नाही. लाकूडकिड्याचं त्यानंच सांगितलं, मी कशासाठी विचारते हे ठाऊक नसताना. त्याला होडीचं लाकूड पोरासारखं. स्कार्लातोसला पाणी पाजणं ठाऊकही नसेल. राहिला कोण?"

मी वल्ही मारत राहिले.

"पण कोर्टात गोणपाट काय सांगणार?" ती म्हणाली. "गोणपाट कुणीही घालतं, असं म्हणेल तो. आणि व्रेत्तोस शुक्रवारी येऊन तिला हलवणारच. विल्हेवाटीच्या नावाखाली."

धक्क्याला लागल्यावर ती तडक म्हाताऱ्याकडे गेली. मी दारात थांबले. तिनं फक्त विचारलं, "बार्बा मिकेस, धोंड्यांखाली गोणपाट घालायला तुम्ही कुणाला शिकवलंत?"

म्हातारा शेंगा सोलत होता. सोलायचा थांबला. टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "कुठे बघितलंस गोणपाट?"

तिनं सांगितलं नाही. पण त्याला कळलं. मी त्याचं तोंड बघत होते. होडी सापडली हे कळलं, आणि कुणी नेली हेही त्याच क्षणाला कळलं. एका श्वासात दोन्ही.

"कुणालाच नाही शिकवलं," म्हातारा म्हणाला. "जा आता. दमलो मी."

६

शुक्रवारी समुद्र खरंच आरशासारखा होता. दवाखान्यात डॉक्टरनं सगळ्यांना बोलावलं होतं: बाप, मुलगा, साक्षीला थेमेलिस मिस्त्री आणि मी. व्रेत्तोस जहाजातून उतरून आला, इस्त्रीचा शर्ट, पायांत पांढरे बूट. त्याला सांगितलं होतं की खाडीतल्या होडीबद्दल डॉक्टरला आरोग्याच्या दृष्टीनं काही विचारायचंय.

"बार्बा मिकेस," डॉक्टर म्हणाली, "शेवटचं विचारते. सप्टेंबरात धक्क्यावर फोडली ती होडी कुणाची?"

म्हाताऱ्यानं मुलाकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघितलं.

"माझीच," तो म्हणाला. "म्हातारा झालो, पोरी. काहीबाही दिसतं डोळ्यांना. लिही काय लिहायचं ते."

मला बसायला खुर्ची नव्हती म्हणून भिंतीला टेकले. हा माणूस महिनाभर सगळ्या बेटाची थट्टा अंगावर झेलत खरं बोलला, आणि खरं सिद्ध व्हायच्या दिवशी स्वतःच्या तोंडानं स्वतःला वेडा म्हणाला. त्याला पिरेयसच्या खाटेवर मरणं चाललं असतं. मुलगा तुरुंगात गेलेला चालणार नव्हता.

फोतिस जमिनीकडे बघत होता. व्रेत्तोसनं घड्याळ बघितलं.

डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाली, "व्रेत्तोस साहेब, ती खाडीतली होडी काढूनच टाका. तशीही वाया गेलीये. स्तामाताबाईंनी बघितली. कुणा अडाण्यानं वरून नुसते धोंडे टाकलेत. खाली काही न घालता. तळाच्या फळ्या फुटल्यात."

"नुसते धोंडे?" थेमेलिस मिस्त्री तापला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "सुकलेल्या तळावर? बकऱ्या तरी नीट राखतो का तो माणूस?"

"समुद्राचा माणूस नसणारच," डॉक्टर म्हणाली.

"माणूसच नसणार. गाढवाला सांगितलं तरी गाढव जपून टाकेल. कुणी शिकवलंच नाही त्याला, बिनबापाचा असणार."

फोतिसची मान लाल झाली होती. "कुठल्या फळ्या?" तो म्हणाला.

"मधल्या. सगळ्याच."

"शक्य नाही."

"फोतिस, तू गप्प बस," व्रेत्तोस म्हणाला. इतक्या सहज, इतक्या ओळखीच्या आवाजात, की मिस्त्रीसुद्धा त्याच्याकडे वळून बघायला लागला.

"शक्य नाही म्हणतो ना. नुसते नव्हते टाकलेले. खाली गोणपाट होतं."

 बाहेर जहाज पाव आणि भाज्यांची खोकी उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता. फोतिसला आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. चोर म्हटलेलं तो पचवू शकला असता. होडीत नुसता धोंडा टाकणारा म्हटलेलं त्याला पचलं नाही. आमच्या बेटावर कुणालाच पचणार नाही.

बार्बा मिकेसनं पहिल्यांदा मुलाकडे बघितलं.

"दुपदरी?" त्यानं विचारलं.

"दुपदरी, बाबा." फोतिस म्हणाला. "कण्याजवळ तिपदरी. तुम्ही घालायचात तसं."

"एकही फळी फुटलेली नाही, फोतिस," डॉक्टर म्हणाली, आणि लिहिलेला कागद फाडला.

७

पुढचं त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या एका बेटावरच्या हॉटेलवाल्याला जुनी लाकडी होडी हवी होती, पाहुण्यांना फिरवायला. व्रेत्तोसनं गाठ घालून दिली. ताडपत्रीचा हुकूम आहेच, म्हणाला, आत काय आहे कोण बघतंय. स्कार्लातोसनं चिखलातला सांगाडा उचलून आणला, त्यावर आनेमूसाची नंबराची फळी ठोकली. त्याच शुक्रवारी हॉटेलवाल्याची यॉट येणार होती तिला ओढून न्यायला.

"फोडण्यापेक्षा बरंच ना?" फोतिस म्हणाला. "कुठेतरी तरंगत तर राहिली असती."

"आणि बाप?" डॉक्टरनं विचारलं.

 फोतिस आधी होडी वाचवायला निघाला, मग स्वतःला, आणि त्या वाटेवर बाप आडवा आला. मला त्याचा राग आहे, पण खरं सांगू, पूर्ण राग येत नाही. माझा पूर्ण राग मी दुसऱ्यासाठी राखून ठेवलाय.

व्रेत्तोस त्याच जहाजानं परत गेला. त्याची चौकशी 'सुरू आहे' आणि तो तुमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसतो. फोतिसवर खटला आहे. बार्बा मिकेसचं डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरनं कोर्टाला पाठवला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की या वयाच्या माणसांत इतकं शाबूत डोकं तिनं पाहिलेलं नाही. म्हातारा बेटावर राहिला. मुलाशी तो फक्त होडीबद्दल बोलतो. तेवढं तरी बोलतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून आनेमूसा वर काढली. धोंडे काढले, पाणी उपसलं, आणि ती उठली. सकाळपर्यंत आत वाटीभरसुद्धा पाणी नव्हतं. किड्यानंही तोंड लावलेलं नव्हतं. थेमेलिस मिस्त्रीनं तिच्या तळाला हात लावून बघितला आणि नाक शिंकरलं.

आणि मग तुमचं पत्र आलं.

तुम्ही लिहिलंत की सदर होडीची भरपाई दिली गेली आहे, सबब ती नियमानुसार नष्ट करणं बंधनकारक आहे. येत्या गुरुवारी पोकलेन येईल. म्हणजे चोरी उघड झाली, चोर सापडले, म्हातारा शहाणा ठरला, आणि या सगळ्यातून तुम्ही एवढाच धडा घेतलात, की फोडायची राहिलेली होडी फोडा.

आम्ही भरपाई परत करू म्हटलं, तुम्ही म्हणालात तशी तरतूद नाही. शाळेला द्या म्हटलं, तरतूद नाही. म्हातारा तुम्हाला समजावायला स्वतः अथेन्सला आला, तुमच्या शिपायानं त्याला बाकावर बसवून ठेवला आणि तुमची वेळ संपली.

तो आता रोज सकाळी तिच्यात जाऊन बसतो. वल्ही नाहीत, इंजिन काढून घेतलंय, जाळी तर केव्हाच जमा केली. परवाना तुमच्या कपाटात आहे. या होडीनं उरलेल्या आयुष्यात एक कोळंबीसुद्धा धरायची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि समुद्रातल्या माशांनाही. गुरुवारी मी धक्क्यावर असेन, डॉक्टर असेल, सगळं बेट असेल, आणि या वेळी दोरीबाहेर कुणी उभं राहणार नाही.

तोवर मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. चौकशी समिती नको, नियमाचा आकडा नको. तुमच्या भाषेत द्या किंवा माणसांच्या भाषेत द्या, पण गुरुवारच्या आत द्या. ही होडी फोडल्यानं समुद्रातला नेमका कोणता मासा वाचणार आहे?